शिंदळ माकडीचा जीनोम: पैसा कड्यावर घालायचा की प्रयोगशाळेत?

कड्याखालचा (धागाकर्ता):
सज्जनगडाच्या कड्यावर शिंदळ माकडी नावाची वनस्पती आहे. मांसल खोड, मोजकी पानं, गर्द तांबड्या फुलावर पिवळे ठिपके. जगात ही फक्त सह्याद्रीत, तीही शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा थोड्याच ठिकाणी. अशा झाडांचं जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचणं, आपल्याकडे आधी झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगतो. माकडीची फांदी लावली की ती सहज जगते. मग या बागेतून त्या बागेत फांद्या जातात, कुंड्या वाढतात आणि जात वाचली असं आपण समजतो. पण एकाच झाडाच्या शंभर फांद्या म्हणजे जनुकांच्या हिशेबात झाड एकच. एखादी बुरशी आली तर सगळ्या एकदम जातील. कुठल्या कड्यावरची झाडं खरोखर वेगळी आहेत, कुणाचे पराग कुणाला द्यायचे, हे डोळ्यांनी दिसत नाही.

जांभ्याचा सडा:
अजिबात पटलं नाही. कास पठाराला 2012 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यानंतर तिथे गाड्या किती वाढल्या ते बघा. वायतुरा (तिथली पाणवनस्पती) जांभ्यावरच्या उथळ डबक्यात उगवतो. ते डबकं बुजवलं की विषय संपला. त्याला सिक्वेन्सिंग नको, डबकं हवं. पठाराला कुंपण घातलं, गुरं बंद झाली, गवत माजल्याची ओरड झाली, मग कुंपण काढलं. आधी गुराख्यांना विचारलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

कड्याखालचा:
डबकं राखायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण ऑस्ट्रेलियातला वॉलेमी पाइन बघा. 1994 मध्ये सापडला, रानात मोठी झाडं शंभराच्या आत. डीएनए तपासला तर झाडाझाडांत फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे एका झाडाला मारणारा रोग सगळ्यांना मारू शकतो. बुटांच्या मातीतून येणाऱ्या बुरशीसारख्या रोगजंतूची तिथे एवढी धास्ती का, ते यावरून समजतं. गुराख्याला पठार कळतं, हे नाही कळणार.

चीक आणि पिपेट:
मी याच कामात आहे, म्हणून लिहिते. दोघेही ‘जीनोम’ म्हणताय, पण कुठला? एका झाडाचा पूर्ण जीनोम वाचला की शोधनिबंध होतो, संवर्धन होत नाही. झाडांचे जीनोम अवाढव्य असू शकतात: माणसाचा सुमारे 3 अब्ज अक्षरांचा, कांद्याचा सुमारे 16 अब्ज. संवर्धनाला हवी प्रत्येक कड्यावरची बरीच झाडं आणि त्यांच्या डीएनएचे निवडक तुकडे. खर्च कितीतरी कमी. त्यासाठी झाड उपटावं लागत नाही, पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये वाळवला तरी चालतो. रसाळ झाडांत मात्र चिकट पदार्थ डीएनएबरोबर उतरतात, नमुना वाया जातो. निधी मागताना हेही धरा.

गावसमिती:
पानं नेणार तर आमच्या जैवविविधता समितीला विचारणार का? 2002 च्या कायद्याने समित्या झाल्या, त्या नुसत्या नोंदवह्या भरायला नाहीत. सिक्वेन्स, म्हणजे डीएनएचा वाचलेला मजकूर, एकदा इंटरनेटवर गेला की कुणालाही पान न तोडता वापरता येतो. 2024 मध्ये कोलंबियातल्या काली शहरात झालेल्या जैवविविधतेच्या जागतिक परिषदेत अशा वापरातून कंपन्यांनी निधी द्यावा असं ठरलं, पण तेही ऐच्छिक. आणि जागा छापू नका. कंदीलपुष्पाचे कंद खणून नेणारे टपलेलेच असतात.

कड्याखालचा:
जागेचं मान्य. फक्त तालुका लिहावा, कडा नाही. समितीची परवानगीही आधी, लेखी. ताई, तुमची निवडक तुकड्यांची पद्धत मला पटली. पूर्ण जीनोम मागून एखाद्याच झाडाचा करता येईल.

जांभ्याचा सडा:
मला अजूनही क्रम उलटा वाटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा कड्यापर्यंत चढतो. आधी जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढायला माणसं द्या. पानं गोळा करायला तीच माणसं कड्यावर चढत असतील, तर माझी हरकत नाही.