शाळेची इटली सहल: ३४ मुलं, ९ दिवस आणि जेवणाचा प्रश्न

नाशिकची_बाई

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेची आठवी-नववीची सहल दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये इटलीला जाणार आहे. ३४ मुलं (वय १३ ते १५) आणि ४ शिक्षक. प्रवास धरून ९ दिवस, म्हणजे हातात ७ रात्री. हेतू तिथली संस्कृती आणि खाद्यपरंपरा समजून घेण्याचा आहे, पण सहल कंपनीने दिलेला आराखडा असा: मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, रोम, मध्ये एक दिवस स्वित्झर्लंडचा बर्फ, आणि रोज रात्री भारतीय हॉटेलात पनीर-दाल-भात.

११ मुलं शाकाहारी आहेत (त्यांतली दोघं अंडं खातात), ४ जैन आहेत, एका मुलाला काजू-अक्रोडची ॲलर्जी आहे. विचारायचं ते असं:
१. आराखड्यात काय ठेवावं, काय काढावं?
२. शाकाहारी मुलांना तिथलं जेवण खरंच खाता येईल का?
३. पास्ता आणि पिझ्झा बनवण्याचा वर्ग ठेवायचा आहे. ठरवताना काय सांगावं?
४. व्हिसाच्या कागदपत्रांत मुलांसाठी वेगळं काय लागतं?

रूळ_आणि_रस्ता

आधी स्वित्झर्लंड काढा. मग पिसा काढा. वाईट वाटलं तरी व्हेनिसही काढा. सात रात्रींत सहा मुक्काम म्हणजे मुलं बसमध्ये झोपून परत येतील. बसचालकालाही युरोपात नियम आहेत: साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती, आणि दिवसात साधारण ९ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. आपल्याकडच्यासारखं 'जरा ओढून घ्या' चालत नाही. शिवाय जुन्या शहरांच्या मध्यभागी पर्यटक बसला एकतर मनाई असते किंवा पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. तो खर्च दरपत्रकात आहे का, हे लेखी विचारा.

माझा क्रम: मिलानला उतरून बसने थेट बोलोन्या (३ रात्री), तिथून वेगवान रेल्वेने नेपल्स (२ रात्री), शेवटी रोम (२ रात्री) आणि परतीचं विमान रोमहून. येताना एक विमानतळ, जाताना दुसरा, असं तिकीट घेतलं की उलटा प्रवास वाचतो. फ्लॉरेन्स बोलोन्याहून वेगवान रेल्वेने ४० मिनिटांच्या आत येतं, तेव्हा एक दिवस जाऊन-येऊन करा. ही तीन ठिकाणं खाण्याच्या दृष्टीने तीन वेगळे देश आहेत: उत्तरेत अंडं आणि लोणी, दक्षिणेत रवाळ गहू, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, आणि मध्ये रोमचं स्वतःचं. तुमचा हेतू यात बसतो, बर्फात बसत नाही.

सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, कुठल्याही देशाचं मूल असलं तरी. रोमचं कोलोसियम, नेपल्सजवळचं पॉम्पेई आणि फ्लॉरेन्सचं उफीत्झी कलासंग्रहालय यात येतात. वेळ मात्र आधी राखून ठेवावी लागते. कंपनीने या तिन्हींचे मुलांच्या डोक्यामागे पूर्ण पैसे लावले असतील तर हिशेब मागा. व्हॅटिकनची संग्रहालयं वेगळ्या राज्याची, तिथे मुलांनाही तिकीट लागतं. उफीत्झी सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि मोफत, म्हणून तो दिवस टाळाच. कोलोसियम आणि पॉम्पेईची तिकिटं नावानिशी असतात. पॉम्पेईला दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. नोव्हेंबरात ती सहसा आड येत नाही, पण पाच वाजायच्या सुमारास अंधार पडतो. तेव्हा उघड्यावरची ठिकाणं सकाळी, चर्च आणि संग्रहालयं दुपारी. चर्चसाठी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम मुलग्यांनाही आहे.

हॉटेलात माणशी, रात्रीप्रमाणे शहर-कर भरावा लागतो. लहान मुलांना सूट असते, पण वयाची अट शहरागणिक बदलते. हा कर बहुतेक दरपत्रकांत धरलेला नसतो.

रेनेटवाली

प्रश्न २ आणि ३ घेते.

शाकाहाराची खरी अडचण मांस नाही, ते दिसतं तरी. अडचण चीजची आहे. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही सगळी जनावराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पाचकरसाने) विरजतात. म्हशीचं मोझ्झारेल्ला दी बुफालाही तसंच. पार्मिजानोच्या नियमावलीत वासराचंच रेनेट सांगितलं आहे, त्याला पर्याय नाही. हे पालकांना निघण्याआधी सांगा आणि त्यांचा निर्णय लेखी घ्या. काही घरांना हे चालतं, काहींना अजिबात नाही, आणि हा वाद बोलोन्याच्या टेबलावर सोडवायचा नसतो. ज्यांना नको, त्यांच्यासाठी चीजशिवायचं मागा. पिझ्झा मारिनारा (टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल) आणि स्पागेत्ती अल पोमोदोरो यांत चीज मुळातच नसतं किंवा वरून भुरभुरवतात.

'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही. हॅम आणि ट्यूना वेगळे सांगावे लागतात. मेन्यूवर हे शब्द मुलांना ओळखता आले पाहिजेत: ग्वांचाले आणि पांचेत्ता (डुकराचं मांस), आचूगे (मासा), स्त्रुत्तो (डुकराची चरबी, काही पाव आणि खारी बिस्किटांत असते), ब्रोदो (रस्सा, बहुधा मांसाचा). भाज्यांचं मिनेस्त्रोने सूपसुद्धा कधीकधी ब्रोदोत शिजवतात. उलट गंमत म्हणजे मेन्यूवर 'पेपेरोनी' दिसलं की मुलं मांसाचं सॉसेज समजून दचकतील, पण ती ढोबळी मिरची आहे. आणि नुसतं 'लाते' मागितलं तर कॉफी नाही, दूध येतं.

गोडात: पान्ना कोत्तामध्ये जिलेटिन (जनावराच्या हाडा-कातड्यापासूनचं) असतं. तिरामिसूत कच्चं अंडं आणि कॉफी, बऱ्याचदा मद्यही. जेलातोमध्ये (तिथलं आइस्क्रीम) 'क्रेमा' म्हणजे अंड्याचा बलक; 'फिओर दी लाते' साधारणपणे बिनअंड्याचं; फळांचे सोर्बेत्तो बहुतेक बिनदुधाचे.

जैन मुलांसाठी: बहुतेक सॉसची सुरुवात कांदा, गाजर आणि सेलरीच्या परतणीने होते आणि सॉस सकाळीच तयार असतो. ऐनवेळी 'कांदा काढा' म्हणून उपयोग नाही. नेपल्सच्या मार्गेरीता पिझ्झावर मात्र सॉस म्हणून नुसता कुस्करलेला टोमॅटो आणि मीठ असतं. म्हणून लसूण-कांद्याच्या बाबतीत तो सगळ्यात सुरक्षित, चीजचा प्रश्न आधी सोडवला असेल तर. ऑर्डर देताना 'सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला' म्हणा. न्योक्की टाळा, तो बटाट्याचा असतो.

ॲलर्जी: 'नोची' म्हणजे फक्त अक्रोड. त्यामुळे 'नोचीची ॲलर्जी' सांगितलं तर काजू-पिस्ता राहून जातात. 'फ्रुत्ता आ गुश्यो' हा शब्द वापरा, त्यात अक्रोड, काजू, बदाम, पिस्ता सगळे येतात. युरोपात १४ ॲलर्जी-घटकांची माहिती देणं उपाहारगृहांना बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला लाजू नका. धोक्याच्या जागा दोन. पहिली पेस्तो (बेसिलच्या पानांचा सॉस): मूळ कृतीत चिलगोज्यासारख्या पाइन बिया असतात, पण बाटलीबंद पेस्तोत सर्रास काजू घालतात. दुसरी जेलातोचा चमचा, जो पिस्त्यातून निघून थेट व्हॅनिलात जातो. त्या मुलाला न उघडलेल्या डब्यातलं, नवीन चमच्याने द्यायला सांगा, नाहीतर वेष्टनातलं आइस्क्रीम द्या.

आता वर्ग. बोलोन्यात तुम्हाला सहसा अंड्याचा पास्ता शिकवतील: १०० ग्रॅम बारीक '००' पिठाला एक अंडं. पाणी नाही. शाकाहारी मुलांसाठी 'सेमोला रिमाचिनाता' चं पीठ आधीच मागून ठेवा. हा कठीण गव्हाचा दोनदा दळलेला पिवळसर रवा, आपल्या रव्याहून बारीक. १०० ग्रॅमला साधारण ५० मिली कोमट पाणी. त्याचे ओरेक्किएत्ते करतात: बोटाएवढी वळी, सेंटिमीटरभर तुकडे, बोथट सुरीने ओढायचे आणि अंगठ्यावर उलटायचे. आजीबरोबर कुणी वळवट केलं असेल तर हात लगेच बसेल. त्या मोठ्या नखुल्याच आहेत. हा दक्षिणेचा प्रकार आहे, म्हणजे 'यांना वेगळं दिलं' असं वाटायचं कारण नाही, तो तितकाच अस्सल. दोन्ही गटांना दोन्ही पिठं दाखवा.

बिघडतं कुठे? पीठ लगेच लाटायला घेतलं की रबरासारखं आखडतं. दहा मिनिटं मळून, वाडग्याखाली झाकून अर्धा तास ठेवलंच पाहिजे. उघडं राहिलं तर वरून साल धरते आणि लाटताना चिरा पडतात. ३८ जणांना एका ओट्यावर घेतलं तर निम्मे नुसते बघतात. एका पाटाला चार मुलं, एका शिक्षिकेमागे १२ हून जास्त नाहीत, असं ठरवा. शिजवायचं प्रमाण १०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ. बिनअंड्याच्या पास्त्याचं पातेलं, झारा आणि सॉस वेगळे हवेत, हे ईमेलमध्येच लिहा.

नेपल्सच्या पिझ्झा वर्गात तयार गोळे देतात, २०० ते २८० ग्रॅमचे. लाटणं मागू नका. मधून कडेकडे बोटांनीच हवा ढकलतात, तीच कड फुगते. भट्टी ४३० अंशांच्या वर असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. त्यामुळे सॉस जास्त घातला तर कड करपते आणि मधला भाग ओलाच राहतो. मुलांचा हात टोमॅटोवर सैल असतो, एक लहान पळी पुरे. या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या बैठकीत एकूण इटालियन पाककलाही यादीत आली, आपल्या दिवाळीबरोबरच. मुलांच्या प्रकल्पवहीला विषय आयता आहे.

बोलोन्याजवळच्या मोदेना-पार्मा भागातली पार्मिजानो चीजची डेअरी जरूर ठेवा, पण सकाळी ८ च्या सुमारास. चीज दिवसातून एकदाच, सकाळी होतं. दहानंतर गेलात तर धुतलेल्या तांब्याच्या कढया दिसतील. एका ४० किलोच्या चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागतं आणि ते किमान १२ महिने मुरवतात. तिथून परतताना बाल्सामिक व्हिनेगर मुरवण्याचा माळा बघा. पारंपरिक प्रकार निदान १२ वर्षं पिंपांत असतो, म्हणजे तुमच्या मुलांच्या वयाचा.

खिडकी_क्रमांक_४

व्हिसाचं. बारा वर्षांवरच्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेतात, म्हणजे ३४ मुलांना व्हिसा केंद्रात स्वतः जावं लागेल (गेल्या ५९ महिन्यांत ठसे दिलेले असतील तर सहसा नाही). अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. गटाची वेळ मिळवणं हेच अवघड काम, म्हणून ऑगस्टमध्ये हालचाल सुरू करा.

शैक्षणिक हेतूने जाणारे शालेय विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना शेंगेन व्हिसाचं (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) शुल्क माफ आहे. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क द्यावंच लागतं. ही सवलत हवी तर शाळेच्या पत्रात 'पर्यटन' लिहू नका. रोजचा कार्यक्रम, वर्गांची आरक्षणं, विद्यार्थ्यांची यादी आणि मुख्याध्यापकांची सही असं पत्र द्या.

आई आणि वडील दोघांचं संमतिपत्र लागतं. पालक एकच असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश किंवा मृत्यूचा दाखला. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने वैध आणि दोन पानं कोरी. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे तिसरी-चौथीत काढलेले आता संपत आलेले असतात. पहिल्याच आठवड्यात सगळे तपासा.

सर्वात जास्त घोळ नावांचा. बोनाफाइडवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. विमान, विमा आणि पॉम्पेईचं तिकीट, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच अक्षर न् अक्षर लिहा.

नाशिकची_बाई

खूप आभार. स्वित्झर्लंड आजच काढायला सांगते. पालकांचा एकच आग्रह उरलाय: सोबत खाऊ. पेढे, तुपाचा डबा, थोड्या हिरव्या मिरच्या चालतील का?

खिडकी_क्रमांक_४

नाही, तिन्ही नाही. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप गेलं. बहुतेक ताज्या भाज्या आणि फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, म्हणजे मिरच्या आणि कढीपत्ता गेला. बाकरवडी, तेलातली चकली, चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी हे बंद पाकिटात न्या. फक्त ॲलर्जीच्या मुलाच्या खोलीत काजू घातलेला चिवडा नको.

रेनेटवाली

आणि रात्रीचं भारतीय जेवण सात दिवसांतून एकदाच, साधारण चौथ्या रात्री ठेवा. रोज ठेवलंत तर मुलं दुपारी पास्त्याला हात लावणार नाहीत, रात्रीची वाट बघत बसतील. तिकडची उपाहारगृहं संध्याकाळी साडेसातच्या आत सहसा उघडत नाहीत, तेव्हा चार-पाच वाजता पोटात काहीतरी जायला हवं. रोममध्ये तुकड्यावर, वजनाने विकतात तो पिझ्झा घ्या, मुलामागे दोन 'एत्ती' म्हणजे २०० ग्रॅम. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार नळ अखंड वाहतात आणि पाणी पिण्याचं आहे.