डोंबिवली सोडायची म्हणतोय – नाशिक, पुणे की कोल्हापूर?

लटकलेला_डोंबिवलीकर:

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४१, जन्म डोंबिवली पूर्वेचा, ऑफिस लोअर परळ. सतरा वर्षं सकाळची फास्ट पकडतोय, पकडतोय म्हणजे अक्षरशः दांडा पकडतोय. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं पडून गेली, त्या दिवशी मी मागच्याच गाडीत दारात होतो आणि गाडी का थांबली ते कुणालाच माहीत नव्हतं, आम्ही शिव्या घालत होतो. नंतर मोबाईलवर बातमी आली आणि डबा एकदम गप्प. तेव्हापासून डोक्यात बसलंय की बास झालं.

आता ऑफिसने महिन्यातून फक्त चार दिवस यायला सांगितलंय, बाकी घरून. म्हणजे राहायचं कुठे हे पहिल्यांदाच आपल्या हातात आहे. घरी बाबा आहेत, ७३, दोन स्टेंट पडलेत. मुलगी पाचवीत. बायको ठाण्यात एका सीएकडे आहे, ती म्हणते बघू.

लाइफस्टाइल म्हणजे मला मॉल वगैरे नकोत हो. संध्याकाळी सातला लॅपटॉप मिटला की बाहेर पडून अर्धा तास सरळ चालता आलं पाहिजे, रिक्षा अंगावर न येता. बाबांना एकट्याला रस्ता ओलांडता आला पाहिजे. खिडकी उघडली की एमआयडीसीचा वास नको, २०१६ ला स्फोट झाला, २०२४ ला परत झाला, दोन्ही वेळा मे महिन्यात, दोन्ही वेळा आमची भांडी मांडणीवर वाजली.

नाशिकला मामेभाऊ आहे, पुण्यात मित्र आहेत, कोल्हापूर आमचं मूळ पण आता तिथे घर नाही. इथला टू बीएचके एजंट म्हणतो ६५ ला जाईल. तो विकून तिकडे मोठं घर घ्यावं असा विचार आहे. ज्यांनी असं केलंय त्यांनी खरंखुरं सांगा, कौतुक नको.

---

हद्दीबाहेरचा_पुणेकर:

या या, स्वागत आहे, येताना फक्त पाणी घेऊन या.

गंमत सोड. पुणं म्हणजे नक्की कुठलं पुणं ते आधी ठरव. तुझ्या मनातलं पुणं म्हणजे एरंडवणे-कोथरूड, सकाळी तळजाई नाहीतर वेताळ टेकडी, डिसेंबरात सवाई, बरोबर? ते पुणं डोंबिवलीचा फ्लॅट विकून येत नाही. ६५ मध्ये येतं ते माझं पुणं. मी जन्माने सदाशिव पेठ, सध्या वाघोली. २०१७ ला ११ गावं पालिकेत घेतली, २०२१ ला २३, त्यात आम्ही, टॅक्स शहराचा लागला आणि पाण्याचा टँकर होता तोच राहिला. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री अडीचला येतो. रिव्हर्स घेतानाचा तो पीं पीं आवाज, मग वॉचमनची शिट्टी, मग पाइप आपटल्याचा आवाज, आता टँकर नाही आला तर झोपमोड होते माझी. मेंटेनन्स वेगळा, टँकरची वर्गणी वेगळी.

आणि नळाचं पाणी आलं म्हणजे सुटलो असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेडगाव किरकटवाडी बाजूला, जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या त्या आजाराचे, पेशंट निघाले तेव्हा सगळं पुणं पाणी उकळून पीत होतं.

मेट्रो आहे, चांगली आहे, वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट. पण रामवाडीला उतरल्यावर पुढे नगर रोड आहे, तिथे तुझी लोकल तुला आठवेल, ती निदान हलते तरी.

एक मात्र कबूल करतो, बाबांच्या हार्टसाठी आणि पोरीच्या पुढच्या शिक्षणासाठी तुझ्या तिन्ही शहरांत पुण्याला तोड नाही. तेवढ्यासाठी मी इथे आहे.

---

गंगावेशीतला:

भावा मूळचा कोल्हापूरचा हाईस आणि हितं येऊन विचारतोयस व्हय 😀

चालायला जागा पाहिजे म्हणतोस, रंकाळ्याला ये. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर जायचं, म्हस समोर उभी, डोळ्यादेखत धार काढून ग्लास हातात देणार, फेस मिशीला लागतो तो पुसायचा नाही लगेच. पंधरा मिनिटांत गावाच्या ह्या टोकाचा माणूस त्या टोकाला. वडलांना तर काय, एक महिन्यात तालमीच्या दारात खुर्ची टाकून बसतील बघ.

खरं दोन गोष्टी सांगतो. एक, पूर. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीपाशी हायवेच पाण्यात होता, गावात यायला नाही की जायला नाही. आमच्यात जुलै लागला की बारकी पोरं पण विचारत्यात, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे पाढ्यासारखं पाठ असतंय. त्यामुळं घर बघायला दिवाळीत येऊ नको, दिवाळीत सगळंच चांगलं दिसतंय. शेजारच्या चहावाल्याला विचार २०१९ ला पाणी कुठंपर्यंत होतं, तो भिंतीवरची खूण दाखवंल.

दुसरं म्हणजे तुझं ऑफिस. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, दिवसभर काम, परत रात्रभर, असं चारदा. पंचविशीत जमतंय. आणि रोडनं यायचं म्हटलं तर सातारा-कागल रुंदीकरण चालू हाय, त्याबद्दल न बोललेलं बरं.

---

संत्र्याची_साल:

नागपूरचं नाव कोणीच नाही घेतलं म्हणून मीच घेतो भाऊ. रस्ते मोठे, झाडं भरपूर, मेट्रोत बसायला जागा मिळते. समृद्धीनं पूर्ण ७०१ किलोमीटर, आठ तासात तुमच्याकडे. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, बारा ते पाच घराबाहेर निघाचंच नाही, स्टेंटवाल्या वडिलांना घेऊन मी तरी नाही सांगणार. हिवाळ्यात या, हुरडा खा, वापस जा.

---

फडकेरोडचा_काका:

बाळा, मी पण डोंबिवली पूर्व, ४४ वर्षं. गाडीतून मी पण लटकलो, आता रिटायर आहे.

तुझ्या लेखात बाबांच्या स्टेंटचा उल्लेख आहे, बाबांच्या मताचा नाही. त्यांना विचारलंस? ते सकाळी नेहरू मैदानावर जात असतील तर तिथला एखादा कट्टा त्यांचा असणार. आमचा आहे, सात जण होतो, आता पाच. एक जण मुलाबरोबर बंगलोरला गेला, घर म्हणे झकास आहे, दुपारी तीनला मला फोन करतो आणि विचारतो काय चाललंय. काय चाललेलं असणार दुपारी तीनला?

या गावात घाण आहे, गर्दी आहे, सगळं मान्य. पण रात्री साडेनऊला पाहुणे आले तरी पोळीभाजी केंद्रातून गरम पोळ्या येतात. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ ला आपल्या गणपती मंदिरापासून सुरू झाली, मग बाकीच्यांनी उचलली. जायचं तर जा, अडवत नाही. पण घर विकू नकोस. भाड्याने दे आणि तिकडे भाड्याने राहा. विकलेल्या डोंबिवलीत परत येणं जमत नाही, पुतण्याचं बघितलंय, तो आता बदलापूरच्या पुढे राहतो.

---

गोदाकाठची:

आम्ही ठाण्याहून नाशिकला आलो २०२१ मध्ये, इंदिरानगरला. म्हणजे तुमचाच पेपर मी आधी देऊन बसलेय.

आधी चांगलं सांगते. हवा. ऑक्टोबर संपला की पहाटे पंखा बंद करावा लागतो, ठाण्यात मला हे सुख माहीतच नव्हतं. निफाडचा पारा पेपरात आला की इथे पण स्वेटर निघतात. भाजी, द्राक्षं, ताजी आणि स्वस्त, कोथिंबिरीची जुडी दोन्ही हातात मावत नाही, पहिल्यांदा आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या लग्नघर आहे का. कुठेही वीस-पंचवीस मिनिटांत. द्वारका चौक सोडून, द्वारकेला कुठलाच हिशोब लागू होत नाही. आणि सध्या २०२७ च्या कुंभाच्या कामांनी रस्ते खणलेत, तपोवनातली झाडं तोडायची निघाली तेव्हा लोकं रस्त्यावर उतरली होती, तेही वाचलं असेलच. पाणी आमच्याकडे रोज येतं. फक्त ज्या वर्षी जायकवाडी भरत नाही त्या वर्षी वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर भांडण ठरलेलं.

तुमच्या चार दिवसांचं. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सातच्या सुमारास, दादरला उतरायचं, संध्याकाळी सव्वासहाची सीएसएमटीहून परत, घरी पोचायला दहा-सव्वादहा. दमायला होतं, पण बसून दमायला होतं. पासवाल्यांमध्ये घुसायला दोन-तीन खेपा जातात, मग तेच जागा धरतात. गाडीने गेलात तर २०२५ च्या जूनपासून समृद्धी इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झालीय, कसारा घाट टळतो, बोगद्यातून दहा मिनिटांच्या आत पलीकडे. पुढे भिवंडीने काय ठरवलंय ते तिथे गेल्यावर कळतं.

आता खरं लिहायचंय ते. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये वहिनींना एक ओळ आहे. "ती म्हणते बघू." मी पण बघूच म्हणाले होते.

मी मुंबईत एका कंपनीत अकाउंट्सला होते, तेरा वर्षं. नवऱ्याचं काम घरून होतं, त्याला फक्त चार्जर उचलून आणायचा होता, माझी नोकरी काही चार्जरसारखी नव्हती. म्हटलं नाशिकला मिळेल की. मिळाली, पण दीड वर्षाने, आणि पगार आधीच्या निम्मा, कारण इथे अंबड-सातपूरला अकाउंट्सची माणसं मुबलक आहेत आणि मी बाहेरची. त्या दीड वर्षात नवरा संध्याकाळी गोदापार्कला चालायला जायचा आणि येऊन म्हणायचा काय मस्त हवा आहे, आणि मला ती हवा ऐकूनच राग यायचा. हवा खरंच चांगली होती.

आणि ज्या लेडीज डब्याला तेरा वर्षं शिव्या दिल्या तो आठवायला लागला. कळव्याच्या एक काकू रोज मटार सोलायच्या, पिशवी पुढे करायच्या, बोलता बोलता आपण पण चार सोलायचे. दसऱ्याला डब्याला तोरण, संक्रांतीला हळदीकुंकू, माझ्या डोहाळजेवणाची ओटी विक्रोळी ते दादरच्या मधे भरली होती. इथे सोसायटीत सगळे चांगले आहेत. नमस्कार करतात. पण माझं असं कोणी व्हायला दोन वर्षं गेली.

आज विचाराल तर परत जाणार नाही. आता दोन जणांची कामं मी घरूनच करते, मुलगा सायकलने शाळेत जातो, ठाण्यात त्याला मी गेटबाहेर सोडलं नसतं. पण हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी निघायच्या आधी सहा महिने काम शोधायला लागले असते, सामान बांधताना नाही.

काकांशी सहमत. विकू नका. आणि भाड्याने यायचं तर एप्रिल ते जुलै या, ऊन, पाणी, खड्डे सगळं एकदम कळेल. डिसेंबरात नाशिक बघून घर घेणारे बरेच बघितलेत.

---

लटकलेला_डोंबिवलीकर:

सगळ्यांचे आभार. पुणं जवळजवळ बाद. कोल्हापूर मनात राहील, पण महालक्ष्मीच्या आठ रात्री महिन्याला नाही झेपणार भावा, बरोबर बोललास.

काका, बाबांना विचारलं. ते म्हणाले "मला काय, कुठेही पेपर वाचीन." मग दहा मिनिटांनी बाहेर येऊन विचारलं की नाशिकला पेपर किती वाजता येतो.

गोदाकाठची ताई, तुमचं वाचून मी जरा गप्प झालो. ते तसंच बायकोला वाचायला दिलं. आता ती म्हणते सरक, मी लिहिते.

---

लटकलेला_डोंबिवलीकर:

नमस्कार, मी याची बायको. आयडी त्याचाच वापरतेय, नवीन काढायला ओटीपी येत नाहीये.

"बघू" म्हणजे काय ते सांगते. बघू म्हणजे मला मार्च एंड आहे, सप्टेंबरला ऑडिट आहे, आणि हा रात्री अकराला मोबाईलवर रो-हाउसचे फोटो दाखवतो, त्यात स्वयंपाकघराचा एकही फोटो नसतो. मी नाही म्हटलेलं नाही. मला पण ती ८.१४ ची लोकल नकोच आहे.

ताई, तुमचं वाचून काल सरांशी बोलले. म्हणाले रिटर्न्स आणि जीएसटीचं काम घरून कर, ऑडिटला आणि महिन्यातून दोनदा ये. पगार थोडा कमी करणार आहेत, किती ते सांगत नाहीयेत. म्हणजे महिन्याचे दोन दिवस पंचवटीत मी पण. तेव्हा घरी सासऱ्यांजवळ हा असेल आणि पोळ्या कोण करणार हा प्रश्न याने अजून विचारलेला नाही, तर इथेच विचारते, इंदिरानगरला पोळीभाजी केंद्र आहे का?

आणि एप्रिलपासून चार महिन्यांसाठी भाड्याने कुणी देतं का, की सगळ्यांना अकरा महिन्यांचंच ॲग्रीमेंट लागतं? तळमजला किंवा चालणारी लिफ्ट. चालणारी असं मुद्दाम लिहिलंय. हॉस्पिटल वीस मिनिटांच्या आत. मुलीची परीक्षा एप्रिलच्या मध्यात संपते, शाळेचा दाखला आत्ता काढणार नाही, जूनचं जूनला.

घर विकायचं नाही हे मी त्याला दिवाळीपासून सांगतेय. काकांनी सांगितल्यावर पटलं.

---

गोदाकाठची:

😄 अकरा महिन्यांचंच करतात, पण आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या मालकीणबाई ऐकतील, मुलगा पुण्यात असतो आणि फ्लॅट बंद पडलाय. पहिला मजला आहे, लिफ्ट चालते, मी स्वतः वापरलीय. पोळ्या करून देणाऱ्या मावशी आहेत, केंद्र नाही, आदल्या दिवशी सांगावं लागतं. साडेनऊला पाहुणे आले तर मात्र भात लावायचा.

पेपर सव्वासहाला येतो, बाबांना सांगा.

व्यक्तिगत निरोप केलाय, बघा.