शब्दचर्चा : ‘आर्वी’ म्हणजे नेमकं काय?

एकुलती आत्या, धरमपेठ
येत्या रविवारी भावाच्या मुलीचं बारसं आहे. घुगऱ्यांचे हरभरे आणून झाले, पाळणा माळ्यावरून उतरवला, कानात कुर्र मीच करणार. नाव ठरलंय ‘आर्वी’. वहिनीने मोबाइलवर शोधलं तेव्हा अर्थ दिला होता ‘शांती’. काल रात्री जेवताना बाबांना सांगितलं, तर त्यांचा घास हातातच राहिला. “आर्वी? अगं, ते वर्धा जिल्ह्यातलं गाव. चार वर्षं नोकरी केली मी तिथे. आता धाकटीचं नाव पुलगाव ठेवणार का?” वहिनी उठून आत गेली. त्यात शेजारच्या हिंदीभाषक काकू म्हणाल्या, अरवी तर भाजी असते. घरातले दोन कोश चाळले, शांती हा अर्थ कुठे मिळाला नाही. हा शब्द आहे तरी का? असला तर कुठला? रविवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.

कोशवाला
ताई, शांती या अर्थाचा ‘आर्वी’ माझ्याही पाहण्यात नाही. संस्कृतात जवळपास दोन शब्द येतात. ‘उरु’ म्हणजे विस्तीर्ण, त्याचं स्त्रीलिंग ‘उर्वी’, म्हणजे पृथ्वी. दुसरा ‘अर्वन्’ म्हणजे घोडा, त्याचं स्त्रीलिंग ‘अर्वती’. उर्वीची आर्वी व्याकरणाने होत नाही, कारण उ ची वृद्धी औ होते. हल्ली कानाला गोड अक्षरं आधी जुळवतात आणि अर्थ मागून चिकटवतात. ‘रेयांश’ पाहा. ‘रै’ म्हणजे धन म्हणावं, तर रै + अंश याचं रायंश होईल, जसं नै + अक याचं नायक होतं. ‘रेय’ आणायचा कुठून? माझं कळकळीचं सांगणं, उर्वी ठेवा. एका अक्षराचा तर फरक आहे.

महालकर
भाऊ, तुम्हाला एक अक्षर वाटते, त्या मायला तेच अक्षर पाहिजे ना! आणि गावाचं नाव पोरीला ठेवलं तर बिघडलं काय? माझी आजी मथुरा, तिच्या बहिणी द्वारका, काशी अन् गया. चौघीही गावंच. त्यांना कोणी म्हटलं नाही की बाई, तू स्टेशन आहेस. आर्वीनं काहून लाजावं?

कोशवाला
ती तीर्थक्षेत्रं आहेत. नाव घेतलं की पुण्य लागतं, ही त्यामागची भावना. तुलना बरोबर नाही.

पुलगाव पॅसेंजर
माझं आजोळ आर्वीचं. पुलगावहून आर्वीला छोट्या लाइनची गाडी जायची, नॅरोगेज. खिडकीतून हात बाहेर काढला की तुरीचे शेंडे बोटांना लागायचे, आणि मामी ओरडायची. स्टेशन आलं की आई डब्यातच आमची तोंडं ओल्या रुमालाने पुसायची, माहेरी लेकरं मळकी दिसू नयेत म्हणून. मला त्या नावात शांतीच ऐकू येते. काकांना एवढं जरूर वाचून दाखवा.

अन्नपूर्णा, सक्करदरा
भाजीचं सांगते. अरवी म्हणजे अळूचा कंद. पण आपल्याकडे त्याच्या पानांना चमकोरा म्हणतात, वड्या चमकोऱ्याच्या. शब्द तेलुगूतल्या ‘चेमकूर’वरून आलेला, कूर म्हणजे भाजी. पुण्याची सून घरात आल्यापासून आमच्याकडेही ‘अळूवडी’ सुरू झालं आहे, मला ते रुचत नाही.

झाडीपट्टीतला
अर्थ शोधून नाव ठेवायची रीत अलीकडची. माझ्या आज्याचं नाव कवडू. त्याच्या आधीचे दोन भाऊ गेले, म्हणून हा जन्मला तेव्हा सुपात घालून दाईला दिला आणि एक कवडी देऊन परत विकत घेतला. लेकरू आपलं नाही, विकत आणलेलं आहे, असं दाखवायचं, म्हणजे नजर लागत नाही. दगडू, धोंडू, सुपडू, उकंडा ही सगळी त्याच घरची नावं. ती कवडी आमच्या देव्हाऱ्यात आहे. पिवळट पडलेली, पाठ झिजून सपाट, भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेली.

कोशवाला
कथा सुंदर आहे. पण ‘कवडा’ म्हणजे होला, पक्षी, हाही अर्थ आहे. लाडाने कवड्याचं कवडू झालं असेल.

झाडीपट्टीतला
भाऊ, कवडी देव्हाऱ्यात आहे म्हणून सांगून राहिलो.

इंदोऱ्याची लेक
दगडू-धोंडूच्या मागे आईची भीती होती, हे मान्य. पण सगळीच तशी नावं मायेतून आली नाहीत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ३१वा श्लोक आहे : ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. माझ्या आजोबांच्या दाखल्यावर ‘कचरू’ होतं. १४ ऑक्टोबर १९५६ला ते दीक्षाभूमीवर होते. त्यानंतर झालेली लेकरं मिलिंद, सुजाता आणि संघमित्रा. आत्याने पाळण्यात ‘संघमित्रा’ म्हटलं तेव्हा शेजारणींना उच्चारता येईना, म्हणून आजीने दारात उभं राहून प्रत्येकीकडून तीनतीनदा म्हणवून घेतलं. ते नाव आमच्या वस्तीत तेव्हा असंच नवं, न ऐकलेलं होतं.

महालकर
ताई, कचरू नावातही एखाद्या आईचा नवस असू शकतो.

इंदोऱ्याची लेक
असेल. पण गावाने हाक मारली ती नवस म्हणून नाही. साताऱ्यात २०११ साली ‘नकुसा’ नावाच्या मुलींची नावं समारंभ करून बदलली, दोनशेहून जास्त होत्या. तेही घरच्यांनीच ठेवलेलं नाव होतं ना? आणि कोशवाले काका, अर्थाचंच म्हणाल तर राहुल घ्या. जातकांच्या निदानकथेत मुलगा झाल्याचं कळताच सिद्धार्थ म्हणतात, बंधन जन्मलं. त्यावरून राहुल. आज घरोघरी राहुल आहेत, बेडी म्हणून कोणी हाक मारत नाही.

कोशवाला
मान्य. पण राहुलमागे कथा आहे, ग्रंथ आहे. आर्वीमागे काहीच नाही, माझं दुखणं एवढंच. शब्द असा पोरका नसावा.

पुलगाव पॅसेंजर
काहीच नाही कसं? बाबांची चार वर्षं आहेत.

एकुलती आत्या, धरमपेठ
सगळ्यांचे आभार. उर्वी सुचवून पाहिलं, वहिनी नाही म्हणाली. बाबांनी गाडीचा मजकूर दोनदा वाचायला लावला आणि मग विचारलं, मामाचं घर कोणत्या पेठेत होतं. नावाबद्दल मात्र अजून चकार शब्द नाही. दवाखान्यातून भरलेल्या कागदावर कोणीतरी ‘अरवी’ लिहून ठेवलंय, ते कसं दुरुस्त करायचं?

महालकर
जन्मनोंदणीत नाव अजून चढलं नसेल तर घाई नाही. वर्षाच्या आत नाव टाकायला फी लागत नाही. फक्त अर्जावर रफार नीट काढा, आ मोठा.

झाडीपट्टीतला
कोशवाले भाऊ, होल्याला आमच्याकडे कवडा म्हणतात, हे खरं आहे. काल आईला विचारलं. पण ती म्हणे, पाखराचं नाव लेकराला कोणी ठेवत नव्हतं.

अन्नपूर्णा, सक्करदरा
मैना? मैनाबाई होत्या की आमच्या वाड्यात.