काल रात्री भांडुपवरून गेलेला आगीचा गोळा आणखी कुणी पाहिला का?

भांडुपची_मी: साडेदहाच्या सुमारास टाकी भरली का बघायला गच्चीवर गेले होते. माथ्यावरून एक हिरवट-पांढरा गोळा निघाला आणि विहार तलावाच्या दिशेने गेला. जेमतेम तीन सेकंद. उजेड इतका, की कठड्याची सावली सरकताना दिसली! शेवटी दोन तुकडे झाले, केशरी होऊन विझले. आवाज नाही. गावी तुटते तारे खूप पाहिलेत, पण हे तेज कधीच नाही. अजून अंगावर काटा येतोय. घरचे म्हणतात विमान असेल, मला पटत नाही. २०२२ साली चंद्रपूरकडे रॉकेटचे तुकडे पडले, तसलं काही होतं का?

मृगव्याध: ताई, विमान नाही आणि रॉकेटही नाही. २ एप्रिल २०२२ चं ते दृश्य मी स्वतः पाहिलंय. चिनी रॉकेटचे जळते तुकडे रांगेने, निवांत चालले होते. सिंदेवाही तालुक्यात तर धातूचं भलंमोठं कडं पडलं. असा कचरा सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने येतो, म्हणून बराच वेळ दिसतो. उल्का ११ ते ७२ किलोमीटरने येते. शुक्राहून तेजस्वी उल्का म्हणजे अग्निगोल, तुम्ही तोच पाहिलात. मॅग्नेशियम, निकेलमुळे हिरवी छटा येऊ शकते.

काल १३ डिसेंबर, म्हणजे मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचा भर. आज त्याच वेळी त्याच जागी उभं राहून गोळ्याचा मार्ग मनाने मागे न्या. पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपाशी पोचला, तर तो बहुधा त्यातलाच. हे आजच करा, दिशा फार लवकर विसरतात. आवाज मागाहूनही येतो. पन्नास किलोमीटर अंतराला अडीच मिनिटं लागतात.

अलिबागकर: मीही पाहिला! किनाऱ्यावर होतो. उत्तरेला बराच उंच, उजवीकडून डावीकडे गेला.

मृगव्याध: वा! दोन ठिकाणच्या दिशा जुळवल्या की उंची काढता येते. दोघांनीही आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर नोंद कराच.

भांडुपची_मी: आत्ताच गच्चीवरून आले. मार्ग मागे नेला तर ऐरोलीच्या बाजूला, थेट पुनर्वसूपाशी! काल मी दहाएक मिनिटं तिथेच खिळून उभी होते, पण आवाज आला नाही. नोंद केली. वसई-विरारहून कुणी पाहिला असेल तर दिशा नक्की लिहा, तिकडून तो दक्षिणेला दिसला असणार.