आयव्हीएफचा खर्च मेडिक्लेममधून मिळतो का? कायदा काय सांगतो?

प्रश्न:
डॉक्टरांनी आधी लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून शस्त्रक्रिया) आणि मग आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा उपचार) सांगितलं आहे. घरची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकच आरोग्य विमा पॉलिसी) आहे, शिवाय कंपनीची ग्रुप पॉलिसी. एजंट म्हणतो, २०२१च्या कायद्यामुळे विमा कंपनीला पैसे द्यावेच लागतात. खरं आहे का?

प्रतिसाद १:
नाही. २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यात विम्याची सक्ती आहे ती स्त्रीबीज देणाऱ्या दात्रीसाठी. जोडप्याच्या उपचारखर्चाबद्दल तसं कलम नाही. उलट विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित एक्सक्लूजनमध्ये (विम्यात न येणाऱ्या खर्चांच्या यादीत) कोड १७ वंध्यत्वाचाच आहे. आयव्हीएफ, इक्सी (एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडणं), सरोगसी, नसबंदी उलटवणं, सगळं त्यात येतं. पण हे एक्सक्लूजन ठेवलंच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही, म्हणून ग्रुप पॉलिसी नक्की तपासा. एचआरकडून माहितीपत्रक नको, मूळ पॉलिसी मागा. त्यात कोड १७ शिथिल केलाय का, मर्यादा किती, वेटिंग पीरियड (पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळण्याआधीचा काळ) किती, हे बघा.

प्रतिसाद २:
लॅप्रोस्कोपीचं वेगळं आहे. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) हे स्वतंत्र आजार आहेत. त्यांची शस्त्रक्रिया आपोआप कोड १७ मध्ये जात नाही. घोळ होतो तो प्री-ऑथ फॉर्मवर, म्हणजे उपचाराआधी मंजुरी मागायच्या अर्जावर. निदानाच्या रकान्यात नुसतं ‘प्रायमरी इन्फर्टिलिटी’ (वंध्यत्व) लिहिलं की टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) तिथेच नकार देते. गाठ असेल तर तिचं सोनोग्राफीतलं माप, पाळीतला रक्तस्राव, वेदना, हे सगळं कागदावर यायला हवं. खोटं निदान मात्र अजिबात लिहून घेऊ नका, पॉलिसीच रद्द होऊ शकते. या आजारांना बऱ्याच पॉलिसींत २४ महिन्यांचा वेटिंग पीरियड असतो, तोही बघा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. फक्त वर्षाच्या आत जा.

प्रतिसाद ३:
दोघांपैकी कुणी केंद्र सरकारी नोकरीत असेल तर सीजीएचएसचं (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) बघा. नोव्हेंबर २०११च्या आदेशात आयव्हीएफच्या प्रति सायकल (एका प्रयत्नाला) ६५,००० रुपये किंवा प्रत्यक्ष खर्च, यातली कमी रक्कम आणि जास्तीत जास्त तीन सायकल ठरल्या. पत्नीचं वय २१ ते ३९ हवं. परवानगी आधी घ्यायची, सध्याचा दर वेलनेस सेंटरवर विचारायचा.

प्रश्नकर्ता:
दात्री घ्यावी लागली तर तिचा विमा कुणी काढायचा?

प्रतिसाद १:
तुम्हीच, १२ महिन्यांचा. त्याशिवाय क्लिनिकला प्रक्रिया करता येत नाही. बीज काढताना रक्तस्राव होऊ शकतो, इंजेक्शनांनी अंडाशय सुजून पोटात पाणी साठू शकतं. या गुंतागुंतींचा पॉलिसीत स्पष्ट उल्लेख हवा. नुसती अपघात पॉलिसी घेऊन तिच्या जिवाशी खेळू नका.