प्रतिसाद: एरंडोल ते म्हसावद पायी

वर कोणीतरी विचारलंय की आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलहून म्हसावदला पायी जाता येतं का, आणि लगेच खाली सल्ला आलाय की गाडी काढा. जाता येतं हो, आणि पायीच जा! मी दोनदा गेलोय. एरंडोलपासून पद्मालय साधारण 10 किलोमीटर, तिथे गणपतीचं दर्शन घ्यायचं (डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन्ही मूर्ती एकाच गाभाऱ्यात, असं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं), तळ्याकाठी बसून शिदोरी सोडायची आणि मग पुढे म्हसावद, तिथे रेल्वे स्टेशन आहे त्यामुळे परतीची चिंता नाही, फक्त पॅसेंजरचा टाइम आधी बघून ठेवा.

डांबरी रस्ता सोडून शेतातली गाडवाट धरली तर खरी मजा. नोव्हेंबरात गेलो तेव्हा कापूस वेचणी चालू होती, भरलेल्या बैलगाड्या गेल्या की दोन्ही बाजूच्या बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले, लांबपर्यंत तसेच. वाट चुकलो तर बांधावरच्या एका आजीने हाक मारली, "कथा चालनात भाऊ?" (अहिराणीत, कुठे चाललात?) आणि वाट तर दाखवलीच, वर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी अन् ठेचा हातावर ठेवला. ती चव अजून जिभेवर आहे.

पावसाळ्यात मात्र नको, काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलत नाही. एप्रिल-मे तर विचारूच नका, आपल्याकडचं ऊन माहितीये. थंडीत सकाळी सहाला निघा, पाणी माणशी तीन लिटर.