मदत हवी आहे: म्हशीच्या गर्भाशयाचा पीळ सुटला, पण मुख उघडेना

मुऱ्हा म्हैस, तिसरं वेत, दिवस भरलेले. उजवीकडचा पीळ, गर्भाशयमुखाच्या मागे. योनिमार्गातल्या घड्या हाताला स्पष्ट लागत होत्या. उजव्या कुशीवर पाडून, पोटावर दहा फुटी फळी ठेवून उजवीकडेच लोळवली. (उलट लोळवलं की पीळ आणखी आवळतो, घाईत नेमकं तेच होतं.) दुसऱ्या वेळी सुटला, घड्या गेल्या. मुख मात्र दोनच बोटं उघडलंय. पीळ पडून अंदाजे ३० तास; रेडकू हालचाल करत नाही. मुख उघडावं म्हणून क्लोप्रोस्टेनॉल ५०० मायक्रोग्रॅम, डेक्सामेथासोन ४० मिग्रॅ दिलंय. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन मुद्दाम टाळलं, बंद मुखावर कळा वाढल्या तर गर्भाशय फाटायचं. अजून किती तास थांबावं, की लगेच सिझेरियन? उशिरा गर्भाशयाची भिंत ठिसूळ होऊन टाके धरत नाहीत.